गादी सरकल्यावर कायरोप्रॅक्टिक उपचार: टेबलावर झोपण्याआधी आणि उठल्यानंतर

कमरेतून निघालेली कळ नितंबातून आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरू लागली, खोकताना किंवा शिंकताना ती पायात सणकली आणि एमआरआयच्या अहवालात 'एल४-एल५' किंवा 'एल५-एस१' (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, किंवा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांमधली गादी) अशी अक्षरे दिसली, की घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सांगू लागतो. कोणी पट्टा बांधायला सांगतो, कोणी जमिनीवर झोपायला, कोणी पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायला. आणि अलीकडे कोणीतरी मोबाइल पुढे करून कडकड आवाज काढत मणके 'बसवणाऱ्या' कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ दाखवतो. हा लेख त्या शेवटच्या सल्ल्याविषयी आहे. या उपचाराने कमरेच्या गादीच्या दुखण्याला उतार पडू शकतो. मात्र तो कोणी घ्यावा, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या पद्धतीने आणि कधी थांबवावा, याचा एक क्रम आहे, आणि व्हिडिओत नेमका तोच दिसत नाही.

आधी गादीचे काय झाले आहे ते समजून घ्यावे

आपल्या पाठीच्या कण्यात २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या बाहेर चिवट तंतूंची अनेकपदरी कडी असते आणि आत मऊ, पाणीदार गर असतो. 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी फसवा आहे, कारण गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते आणि ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. होते असे की बाहेरच्या कडीला चीर पडते, आतला गर त्या बाजूला फुगवटा आणतो किंवा चिरेतून बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला टेकतो. दुखणे केवळ दाबामुळे होत नाही. बाहेर आलेल्या गरातील रसायनांमुळे त्या मुळाला दाहही होतो आणि म्हणूनच फुगवटा छोटा असूनही कळ भयंकर असू शकते. पायाच्या या दुखण्याचे मूळ गादीत असते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली मांडले. त्याआधी सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या या कळेची, कारणे भलतीकडेच शोधली जात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, बाहेर आलेला गर कोणीही हाताने दाबून आत बसवू शकत नाही. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांमधून जो 'कट्' असा आवाज येतो, तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. बोटे मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे गादी जागेवर गेली असे नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणजे उपचार वाया गेला असेही नव्हे. दुसरी, अधिक दिलासा देणारी गोष्ट अशी की बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि पूर्ण बाहेर पडलेला मोठा तुकडा तर अनेकदा छोट्या फुगवट्यापेक्षा अधिक आक्रसतो. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. कायरोप्रॅक्टरचे काम या आठवड्यांत वेदना कमी करणे, आखडलेले स्नायू सैल करणे आणि रुग्णाला हालचालीची भीती न बाळगता चालते ठेवणे एवढेच आहे. हे काम लहान नाही, पण चमत्कारही नाही.

एमआरआयच्या अहवालाबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करणाऱ्या २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गादीत फुगवटा आढळला होता. म्हणून अहवालातला शब्द आणि पायातली कळ एकमेकांशी जुळतात का, हे तपासल्याशिवाय त्या कागदावर उपचार ठरवू नयेत.

पहिली पायरी: ज्यांनी टेबलावर झोपूच नये

लघवी अडणे, लागल्याचे न कळणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग म्हणजे गुप्तांगे, गुदद्वार आणि मांड्यांची आतली बाजू बधीर होणे, दोन्ही पायांत एकाच वेळी अशक्तपणा येणे: यांपैकी काहीही दिसले तर कायरोप्रॅक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडवैद्याकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. कण्याच्या खालच्या टोकाशी घोड्याच्या शेपटीसारखा पसरलेला मज्जातंतूंचा झुबका दाबला गेल्याची ही लक्षणे आहेत. अशा वेळी शस्त्रक्रिया जितकी लवकर तितके चांगले, आणि ४८ तासांच्या पुढे गेल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाण्याची शक्यता वाढते. लाजेपोटी हे लक्षण लपवणारे रुग्ण पुष्कळ असतात. घरातल्यांनी स्पष्ट शब्दांत विचारावे.

पाऊल उचलता न येणे, चप्पल नकळत पायातून निसटणे, जिना चढताना पंजा अडखळणे आणि हा अशक्तपणा दिवसागणिक वाढणे, हेही आधी शल्यचिकित्सकाला दाखवण्याचे कारण आहे. केवळ मुंग्या किंवा स्थिर राहिलेला थोडा बधीरपणा मात्र इतका घाबरवणारा नसतो.

आपल्याकडे आणखी एक शक्यता कायम डोळ्यांपुढे ठेवावी लागते, ती मणक्याच्या क्षयाची. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, मंदावलेली भूक आणि झोपल्यावरही न थांबणारी, रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर रक्ततपासणी आणि एमआरआय झाल्याशिवाय पाठीला कोणाचाही हात लावू देऊ नये. पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचू शकतो. कर्करोगाचा पूर्वेतिहास, ठिसूळ झालेली हाडे, दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, नुकतेच पडणे किंवा अपघात, कण्यात बसवलेले स्क्रू, मणका मणक्यावरून पुढे घसरलेला असणे, रक्त पातळ ठेवणारी औषधे, या सर्वांत झटक्याचे तंत्र टाळायचे असते किंवा तज्ज्ञ डॉक्टरांच्या संमतीनंतरच विचारात घ्यायचे असते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये हाडांचा ठिसूळपणा बराच काळ लक्षातच आलेला नसतो. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईला कौतुकाने शेजारच्या कायरोप्रॅक्टरकडे नेण्यापूर्वी हे आठवावे.

दुसरी पायरी: घरच्या घरी नोंद

पहिल्या भेटीपूर्वी दोन-तीन दिवस वहीत काही गोष्टी लिहून ठेवल्या तर पुढची सारी चर्चा सोपी होते. दुखणे कुठून कुठपर्यंत जाते ते माणसाच्या साध्या आकृतीवर रेघ ओढून दाखवावे. एल५ या मज्जातंतूच्या मुळाचे दुखणे साधारणपणे मांडी आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागाकडे आणि अंगठ्याकडे जाते. एस१ मुळाचे पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीच्या बाजूला उतरते. टाचांवर दहा पावले चालून पाहावे, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना एका बाजूचा पंजा खाली पडत असेल तर एल४ किंवा एल५ कडे आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नसेल तर एस१ कडे संशय जातो. कंबरेच्या गाद्यांचा त्रास बहुतांशी शेवटच्या दोन गाद्यांतच असतो, त्यामुळे ही ढोबळ खूण बरीच उपयोगी पडते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

याच्या जोडीला किती मिनिटे बसता येते, किती चालता येते, रात्री किती वेळा जाग येते आणि शून्य ते दहा यांत पायाचे दुखणे किती व कमरेचे किती, हे वेगवेगळे लिहावे. पाय आणि कंबर यांचे आकडे वेगळे ठेवण्याचे कारण पुढे येईल.

तिसरी पायरी: हात कोणाचा

कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावचा. डी. डी. पामर यांनी १८९५ साली तिथे पहिला उपचार केला आणि १८९७ साली शिक्षणसंस्था सुरू केली. बहुतेक रोग मणक्यांच्या 'सरकण्या'तून होतात हा त्यांचा सिद्धान्त आज वैद्यकशास्त्र मानत नाही, आणि या व्यवसायातील अनेक जाणकारही मानत नाहीत. कंबर-मानेच्या दुखण्यावर हाताने करायचा उपचार एवढाच त्याचा टिकलेला भाग. अमेरिकेत प्रत्येक राज्यात कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो आणि ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. भारतात या व्यवसायासाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणजे पुण्या-मुंबईत पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असे लिहिणारी व्यक्ती परदेशात चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली असू शकते, अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट असू शकते किंवा चार दिवसांची कार्यशाळा करून आलेली असू शकते, आणि पाटी तिघांचीही सारखीच दिसते.

म्हणून विचारायला संकोच करू नये. पदवी कोणती, कोणत्या संस्थेची, किती वर्षांची, आणि मूळ पदवी फिजिओथेरपीची असल्यास तिची नोंदणी आहे का, हे विचारावे. पायात कळ जाणारे गादीचे रुग्ण नेहमी पाहता का, हेही विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: 'कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला उपचार न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवाल?' याचे नेमके उत्तर देणारी व्यक्ती भरवशाची समजावी. 'माझ्याकडे येऊन कोणालाच ऑपरेशन लागले नाही' असे उत्तर मिळाले तर पादत्राणे घालावीत. तपासणीआधीच चाळीस बैठकांचे पॅकेज पुढे करणारा, प्रत्येकाचा एक्स-रे काढून त्यावर लाल रेघा मारणारा आणि मधुमेहही मणक्यातून बरा करतो म्हणणारा, हे तिघेही टाळावेत.

चौथी पायरी: पहिली भेट आणि तंत्राची निवड

पहिल्या भेटीचा मोठा भाग तपासणीचा असला पाहिजे. पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलणे, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया हातोडीने पाहणे, अंगठा व पंजा यांची ताकद जोखणे, त्वचेची संवेदना तपासणे आणि लघवी-शौचाबद्दल विचारणे, एवढे झाल्याशिवाय हात लावणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

तंत्रे अनेक आहेत आणि त्यांतला फरक रुग्णाला माहीत असला पाहिजे. सर्वांत प्रसिद्ध तंत्र म्हणजे कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून, कंबर पिळून दिलेला जलद छोटा झटका. व्हिडिओंत दिसतो तो हाच. ठणका ताजा असताना, पाय थोडासाही उचलला तरी वीज चमकल्यासारखी कळ जात असताना, या झटक्याने सुरुवात करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अशा वेळी अधिक सौम्य तंत्र आहे. रुग्ण पालथा झोपतो, टेबलाचा पायांकडचा भाग हळूहळू खाली जातो, आणि कायरोप्रॅक्टर एका हाताने ठरावीक मणका धरून कंबरेला लयीत ताण देतो व सोडतो. यात झटका नसतो, पीळ नसतो, आणि दुखले तर त्याच क्षणी थांबता येते. यांखेरीज झटक्याबरोबर थोडासा खाली पडणारा टेबलाचा तुकडा, हातात धरायचे स्प्रिंगचे छोटे उपकरण आणि सांध्यांना दिलेली मंद आंदोलने हेही पर्याय असतात.

झटक्याचे तंत्र वापरायचे ठरलेच, तर एक नियम न चुकता पाळावा. झटका देण्यापूर्वी कायरोप्रॅक्टरने त्या स्थितीत काही सेकंद नुसते धरून ठेवावे. त्या स्थितीतच कळ गुडघ्याखाली उतरू लागली तर पुढे जायचे नाही. रुग्णाने हे मोठ्याने सांगायचे असते. 'थोडे दुखणारच' म्हणून दात आवळून पडून राहणे ही सहनशक्ती इथे उपयोगाची नाही.

मानेच्या गादीसाठी हा लेख वापरू नये. तिथे रक्तवाहिनीला इजा होण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो, आणि शर्टाची बटणे लावता न येणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे मुख्य मज्जारज्जू दाबला गेल्याची असू शकतात.

उपयोग किती होतो

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत गादीच्या फुगवट्यामुळे कंबर व पाय नव्याने दुखू लागलेल्या १०२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला खरा झटक्याचा उपचार मिळाला, दुसऱ्याला तसाच भासणारा लटका. पायातले दुखणे पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५५ टक्के होते आणि दुसऱ्यात २० टक्के. कमरेच्या दुखण्यात हेच आकडे २८ आणि ६ होते. कॅनडात २०१० साली निघालेल्या अभ्यासात निदान तीन महिने इतर उपचारांनी बरे न वाटलेल्या, शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या ४० रुग्णांपैकी अर्ध्यांना कायरोप्रॅक्टिक उपचार दिला, तेव्हा त्यांतल्या ६० टक्के लोकांना शस्त्रक्रियेइतकाच गुण आला. उरलेल्यांनी नंतर शस्त्रक्रिया करून घेतली आणि उशीर झाल्याने त्यांचे नुकसान झाले नाही. हे आकडे उत्साह देणारे आहेत, पण रुग्णसंख्या लहान आहे आणि दुखणे आपोआप ओसरण्याचा कल लक्षात घ्यायचा आहे. ब्रिटनमधील २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे हाताने करायचा उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यावा असे सांगतात, आणि मला तेच सर्वांत समतोल वाटते.

पाचवी पायरी: टेबलावरून उठल्यानंतर

उपचारानंतर एक-दोन दिवस कमरेला ठणका लागणे सामान्य आहे. कळ पायात नव्याने खाली उतरणे, बधीरपणा वाढणे किंवा ताकद कमी होणे मात्र सामान्य नाही. इथे वहीतले दोन वेगळे आकडे उपयोगी पडतात. पावलातली कळ पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत, मग फक्त नितंबापर्यंत मागे सरकत असेल, तर कमरेचा आकडा दोनाने वाढला तरी चित्र सुधारत आहे असे समजावे. उलट कंबर हलकी वाटली पण टाच जास्त बधीर झाली, तर पुढची बैठक रद्द करून डॉक्टरांना दाखवावे. केवळ 'बरे वाटते का' या एका प्रश्नावर विसंबणारे रुग्ण आणि उपचारक दोघेही इथे फसतात.

अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मोडीत निघाला आहे. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर घरातल्या घरात, मग सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे दिवसातून अनेकदा चालावे. बसणे हे या दुखण्यात बहुधा सर्वांत त्रासदायक ठरते, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलल्याने पायातली कळ मागे येत असेल तर तो व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करावा, आणि कळ खाली उतरत असेल तर त्याच क्षणी सोडावा; कोणाला कोणत्या दिशेचा व्यायाम मानवेल हे व्यक्तीगणिक बदलते. पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याची आसने आणि उठा-बशा पहिले सहा आठवडे बंद ठेवाव्यात, मग त्या कितीही वर्षांच्या सवयीच्या असोत.

रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात, आणि म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणे गादीला सर्वांत जड जाते. पहाटे उठून केर काढणे, बादली उचलणे, खाली बसून कपडे धुणे ही कामे या काळात पुढे ढकलावीत किंवा दुसऱ्याला सांगावीत. शौचासाठी शक्य असल्यास कमोड वापरावा आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथल्यावरही कळ सणकते. दुचाकीचे दोन दोष आहेत, वाकलेली कंबर आणि खड्ड्यांचे हादरे. निदान पहिला महिनाभर ती सोडता आली तर सोडावी, आणि उपचार घेऊन त्याच दुचाकीवर खड्डे मोजत घरी येणे तर नक्कीच टाळावे. कमरेचा पट्टा प्रवासापुरता चालेल, दिवसभर नको. झोपायला फार मऊही नको आणि थेट फरशीही नको. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्यास बहुतेकांना आराम पडतो.

सहावी पायरी: किती बैठका, आणि पुढे काय

सुरुवातीला आठवड्यातून दोन ते तीन बैठका दोन आठवडे घेऊन पाहाव्यात. पैसे प्रत्येक बैठकीचे वेगळे द्यावेत. दोन आठवड्यांनी वहीतले आकडे, बसण्या-चालण्याची मिनिटे आणि आकृतीवरची रेघ पुन्हा पाहावी. स्पष्ट फरक दिसला तर बैठका विरळ करत आणखी तीन-चार आठवडे घ्याव्यात आणि भर व्यायामावर न्यावा. चार आठवड्यांत काहीच हलले नाही तर त्याच उपचाराची मात्रा वाढवण्यात अर्थ नसतो. दुखणे गेल्यावरही 'देखभालीसाठी' आयुष्यभर दर महिन्याला यावे, असा आग्रह काही जण धरतात; पण तसे केल्याने गादी पुन्हा बिघडत नाही असा पुरावा नाही.

सहा ते बारा आठवड्यांनंतरही पायातली कळ कामधंदा आणि झोप हिरावत असेल, तर शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे. नेदरलँड्समधील २००७ सालच्या २८३ रुग्णांच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली. थांबून पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. म्हणजे अशक्तपणा वाढत नसेल तर निर्णय बराचसा रुग्णाच्या सोसण्यावर आणि परिस्थितीवर अवलंबून असतो. शेताची पेरणी तोंडावर आलेला शेतकरी आणि घरून काम करू शकणारा अभियंता यांनी वेगवेगळे निर्णय घेतले तरी दोघेही बरोबर असू शकतात.

बरे झाल्यावर एमआरआयच्या फिल्म, अहवाल आणि ती वही एकाच पाकिटात ठेवावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच गादीचा त्रास उलटणे नवल नाही, आणि तेव्हा नव्या डॉक्टरला किंवा कायरोप्रॅक्टरला सर्वांत आधी हवी असते ती जुनी फिल्म, आणि कोणत्या स्थितीत कळ मागे सरकली होती त्याची नोंद.